परवानगी भिंतीच्या शोभेची, की जिवाची?

आईच्या खोलीतला जुना विंडो एसी काढून दीड टनाचा स्प्लिट बसवला. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दुकानातला भाव बरा वाटला. पण यंत्राची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. सोबत आलेल्या तीन मीटरपुढचा तांब्याचा पाइप वेगळा, लोखंडी स्टँड वेगळा, भिंतीला भोक पाडायचे वेगळे, खिडकीतली जुनी पोकळी बुजवायला गवंडी वेगळा. हा हिशेब दुकानदाराने बिल करण्याआधीच लिहून द्यायला हवा.

सोसायटीच्या परवानगीची तर वेगळीच तऱ्हा. बाहेरचं युनिट दर्शनी भिंतीवर नको, एवढंच समितीने बजावलं. स्टँडचे बोल्ट काँक्रीटमध्ये बसणार की पोकळ विटेत, हे कुणीही विचारलं नाही. खालून मुलं सायकली फिरवतात! एसीचं पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडेल, वायरिंग आणि मंजूर वीजभार पुरेल का, हेही नाही.

परवानगी हवीच, माझा तिला विरोध नाही. पण समित्यांनी जागा, बोल्ट, पाणी आणि वीजभार यांचे नियम लिहून सूचनाफलकावर लावावेत, आणि ऐन मेमध्ये पुढच्या बैठकीपर्यंत म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात ठेवू नये.