डुक्कर कोणाचे, दुखणे कोणाचे?

डुकरापासून माणसाला होणाऱ्या रोगांचा विषय निघाला की आपल्याकडील हिंदू घरांतून बहुधा एकच उत्तर ऐकू येते : ‘आम्ही ते मांस शिवत नाही, आम्हांला काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्यांच्या आचाराविषयी आम्हांला आदर आहे. त्यांच्या आरोग्यविषयक समजुतीबद्दल मात्र तसे म्हणवत नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कमधील चार रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चौघेही कर्मठ ज्यू पंथाचे. डुकराचे मांस त्यांच्या धर्माला वर्ज्य. तरीही चौघांच्या मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या आढळल्या. शोध घेता संशय वळला तो घरकामाला ठेवलेल्या परदेशी नोकरांकडे. हा कृमी जेथे सर्रास आढळतो अशा देशांतून ते आले होते. अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो, त्याला फारसा त्रासही देत नाही. पण त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांवरून, पाण्यातून किंवा कोथिंबिरीच्या जुडीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली की अळ्या रक्तावाटे मेंदू गाठतात आणि धडधाकट माणसाला फेफरे येऊ लागते. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात डुक्कर शिरत नसेल. भाजी तर बाजारातूनच येते ना?

गोमंतकात परसातले डुकरांचे संडास अनेकांनी पाहिले आहेत. माणसाची विष्ठा डुकराने खावी आणि ते डुक्कर माणसाने खावे, कृमीला याहून सोयीची व्यवस्था कोणती हवी? ते संडास आता बहुतांशी गेले. तथापि जेथे माणसे उघड्यावर बसतात आणि मोकाट डुकरे फिरतात, तेथे तेच चक्र चालू राहते.

कृमीपासून हात आणि भाजी धुऊन पुष्कळ बचाव होतो. जपानी मेंदूज्वराला तेवढे पुरत नाही. त्याचे विषाणू पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वास करतात. डुक्कर वरकरणी ठणठणीत दिसते. पण त्याच्या रक्तात विषाणूंची बेसुमार वाढ झालेली असते. भातशेतीच्या साचल्या पाण्यात वाढलेला डास त्याला चावतो आणि मग अंगणात खेळणाऱ्या पोराला. त्या पोराच्या घरी काय शिजते याची चौकशी डास करीत नाही. भारतात हा रोग प्रथम १९५५ मध्ये वेलोरकडे ओळखला गेला. १९८२ मध्ये गोव्यातही त्याची साथ आली. २००५ साली गोरखपूर आणि आसपासच्या पूर्व उत्तर प्रदेशात मेंदूज्वराने हजारांहून अधिक बळी घेतले, त्यांत बहुतेक मुले होती. वाचलेल्यांपैकी कित्येकांना कायमचे अपंगत्व आले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडे डुक्कर पाळणारा बहुधा ख्रिस्ती शेजारी असतो, आणि रोगाचे निमित्त करून त्याच्यावर घसरणारी तोंडे फार लांब नसतात. २००९ साली ‘स्वाइन फ्लू’ची साथ आली, तेव्हा इजिप्तच्या सरकारने देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम सोडला. साथ माणसाकडून माणसाला पसरत होती. डुकरे मारून ती थांबण्याजोगी नव्हती. ती डुकरे मुख्यतः कैरोचा कचरा गोळा करणाऱ्या गरीब ख्रिश्चनांची. शहराचा ओला कचरा खाणारे जनावर नाहीसे झाले आणि कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. तसला शहाणपणा आपल्याला नको.

आमचे मागणे साधे आहे. डुकरांचा गोठा घरांपासून आणि भातशेतापासून दूर, बंदिस्त असावा. मलेशियात १९९८-९९ साली शंभरावर माणसे दगावली, तेव्हा फळझाडांखाली बांधलेल्या गोठ्यांतूनच वटवाघळांचा निपाह विषाणू डुकरांत शिरला असे आढळून आले. कापलेल्या जनावराचे मांस पशुवैद्याने तपासल्याखेरीज बाजारात येऊ नये. आणि मेंदूज्वराचा उपद्रव असलेल्या जिल्ह्यांत नवव्या महिन्यात आणि पुढे दीड-दोन वर्षांच्या सुमारास सरकार जी लस फुकट टोचते, ती आपल्या मुलाला मिळाली की नाही, हे पालकांनी घरातले कार्ड उघडून पाहावे. पंचायतींनीही आपल्या हद्दीतील गोठे पावसापूर्वी एकदा नजरेखालून घालावेत. भाताची लावणी झाली की डास वाट पाहत बसणार नाहीत.