जंतू आडनाव विचारत नाहीत

१ मे २०२२ रोजी केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरमध्ये शावरमा खाल्ल्यानंतर सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी दगावली. त्याच दुकानात खाल्लेले पन्नासाहून अधिक जण आजारी पडले. तपासणीत शिगेला हा जिवाणू सापडला. तो विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून पसरतो. म्हणजे प्रश्न पाण्याचा, साबणाचा आणि संडासाचा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये, अशाच आणखी एका मृत्यूनंतर, केरळ सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. हॉटेल कामगारांना आरोग्य कार्ड सक्तीचं केलं. पदार्थ कधी बनवला आणि कधीपर्यंत खायचा, याची चिठ्ठी पार्सलवर लावायला सांगितली. अंमलबजावणीवर वाद घालता येईल, पण रोग जिथून येतो तिथेच तो अडवायचा, ही दिशा बरोबर आहे.

आता उत्तर प्रदेश पाहा. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावं लावायला सांगण्यात आलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. कोणतं अन्न मिळतं ते लिहा, नावाची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. सप्टेंबरमध्ये दूषित अन्नाचं कारण पुढे करून राज्यभरातल्या हॉटेलांना चालक-मालकांची नावं लावण्याचा आदेश आला. त्यात मास्क आणि हातमोजेही होते, हे मान्य. पण नावाची पाटी कोणता जंतू मारते? मालकाला जबाबदार धरायला परवान्याचा क्रमांक पुरेसा आहे. नावावरून कळतो तो धर्म आणि जात.

हे आपल्याला नवं नाही. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी चवदार तळं शेण-गोमूत्र घालून 'शुद्ध' केलं. आरोग्याच्या दृष्टीनं पाहिलं तर पाणी दूषित नेमकं कोणी केलं, हे शाळकरी पोरही सांगेल. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित भोजनमातेच्या हातचं जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिला कामावरून काढलं गेलं. पुढे तिला परत घ्यावं लागलं. तिचे हात अस्वच्छ होते, अशी तक्रारच नव्हती. विटाळ मानणाऱ्याला स्वच्छतेशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त हात कोणाचा, एवढंच हवं असतं.

अन्नसुरक्षेचे खरे नियम रूक्ष आहेत. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवा. कच्चं मांस आणि शिजलेलं अन्न वेगळं ठेवा. आजारी माणसानं अन्न हाताळू नये. शेवटचा नियम सगळ्यांत अवघड, कारण तो मजुरीशी बांधलेला आहे. एम.ए. करताना मी एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात संध्याकाळची पाळी करत होतो. भिंतीवर हात धुण्याचं चित्र होतं, पण खाडा केला की त्या दिवसाचे पैसे कापले जात. जुलाब होत असले तरी माणसं कामावर येत, आणि पोट बिघडलंय हे कोणी सांगत नसे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या चिपोटले या साखळीनं २०२० मध्ये अडीच कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. २०१५ ते २०१८ दरम्यान तिच्याकडे खाऊन अकराशेहून अधिक लोक आजारी पडले होते. आजारी कामगाराला कामापासून दूर ठेवायचं, हा कंपनीचाच नियम काही शाखांमध्ये पाळला गेला नव्हता.

आपल्यापैकी अनेकांच्या आया आजही कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासतात, आणि आपली धाकटी भावंडं शहरात बर्गर भाजून फी भरतात. म्हणून पुढच्या वेळी विषबाधेची बातमी आली की 'कोण बनवत होतं' यावर चर्चा अडकू देऊ नका. तिथे पाणी कुठून येत होतं, कामगारांना संडास आणि साबण होता का, आजारपणाची भरपगारी रजा होती का, हे विचारा. ही रजा परवान्याच्या अटींमध्ये घाला, अशी मागणी आपण करायला हवी.