फॉरमॅट मारणं म्हणजे रिपेअरिंग नव्हे!



आजचा विषय वरवर कम्प्युटरचा आहे, पण खरं बोलायचंय ते धंद्याबद्दल. लॅपटॉप रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. ज्यांचा सगळा धंदाच एका छोट्या लॅपटॉपवर चालतो, त्यांनीही वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चालू न होणारा लॅपटॉप समोर आला की "फॉरमॅट मारावा लागेल" हे ज्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, तो रिपेअरिंग करत नाही, तो पाटी पुसून देतो. पाटीवर काय लिहिलं होतं, हे त्याने विचारलेलंही नसतं.

एक नेहमीची केस घेऊ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० लागतं. ११ इंची छोट्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा स्टोरेजच ३२ जीबी असतं. मग लोक शेजारी उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून बघतात. काहींना ते जमत नाही. टॅली, प्रिंटर, सवयीचं एक्सेल, काहीतरी अडतं. मग विंडोजमध्ये जाऊन डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करतात. जागा मोकळी झाली म्हणून खूश. लॅपटॉप बंद करून परत चालू केला की काळी स्क्रीन, त्यावर 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढंच लिहिलेलं. विंडोज गायब!

विंडोज गायब झालेलं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा.

नेमकं झालंय काय?

गावाच्या फाट्यावरची पाटी आठवा. लिनक्स टाकताना त्याने फाट्यावर स्वतःची पाटी लावली, तिचं नाव ग्रब. लॅपटॉप चालू झाला की आधी ग्रबकडे जायचं, ग्रब विचारणार "लिनक्स की विंडोज?" आता ग्रबची बाकीची सामग्री होती लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. ते पार्टिशन तुम्ही उडवलं, पण फाट्यावरची पाटी तशीच राहिली. लॅपटॉप अजूनही पडलेल्या घराकडेच चाललाय. विंडोजचं घर, त्यातली बिलं, फोटो, हिशोब, सगळं जागच्या जागी आहे.

मग दुरुस्ती कशाची करायची? पाटीची!

यूईएफआय असलेल्या लॅपटॉपमध्ये चालू करतानाच बूट मेनू उघडायचा. डेल आणि लेनोव्होमध्ये साधारण एफ १२, एचपीमध्ये एफ ९, आसूसमध्ये एस्केप. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दिसला की तो निवडायचा. विंडोज उघडलं की समजा निम्मं काम झालं. मग बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये त्यालाच पहिल्या नंबरवर ठेवायचं. नवीन पार्ट नाही, फॉरमॅट नाही. यादीत तो नसेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राईव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टमधून 'बीसीडीबूट' कमांडने बूटच्या फाइल्स परत तयार करायच्या.

जुन्या बायोसच्या मशीनमध्ये ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसलेला असतो. तिथे त्याच पेनड्राईव्हवरून 'बूटरेक'ची 'फिक्सएमबीआर' कमांड दिली की तो तुकडा जातो आणि विंडोजचा परत येतो. डेटाला हात लागत नाही.

छोट्या लॅपटॉपचा वेगळा घोळ

मोठ्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. या छोट्या मशीनमध्ये पुष्कळदा ईएमएमसी स्टोरेज असतं, ते थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेलं. काढून दुसरीकडे लावायची सोय नाही. म्हणून डेटा वाचवायचा तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राईव्हवरून मशीन चालू करायचं आणि फाइल्स बाहेर कॉपी करायच्या. काही जुन्या ॲटम प्रोसेसरच्या मशीनमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा आणि यूईएफआय ३२ बिटचं असतं. नेहमीचा ६४ बिटचा पेनड्राईव्ह तिथे दिसतच नाही. नवशिका लगेच म्हणतो, "मदरबोर्ड गेला." गेलेला नसतो हो! पेनड्राईव्ह चुकीचा असतो.

आणि बिटलॉकर विसरू नका. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बायोसमध्ये काही बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की बहुतेक वेळा ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. काम हातात घेण्याआधी विचारा. अशा डिस्कवरच्या फाइल्स की नसेल तर लाइव्ह पेनड्राईव्हवरूनही वाचता येत नाहीत.

आता धंद्याचं बोलू

समजा, एक ताई घरगुती मसाले विकतात. दोन वर्षांच्या ऑर्डर, उधारीची यादी, जीएसटीची बिलं त्याच लॅपटॉपमध्ये. बॅकअप नाही. त्या तुमच्या दुकानात आल्या. तुम्ही फॉरमॅट मारला, विंडोज टाकलं, पाचशे घेतले. लॅपटॉप चालू झाला, पण त्यांचा धंदा बंद पडला. कुणाकडून किती येणं आहे हे आता त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं?

तुम्ही म्हणाल, "सर, फॉरमॅट सोपा, खात्रीचा. पंधरा मिनिटांत बूट ऑर्डर बदलून दिली तर गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याचे पाचशे कसले?" प्रश्न बरोबर आहे. गिऱ्हाइकाला वेळ दिसतो, अक्कल दिसत नाही. पण म्हणून दोन तास मशीन ठेवून घ्यायचं नाटक करायचं का? माझं म्हणणं, नाही. पावतीवर दोन ओळी वेगळ्या लिहा. पहिली, तपासणी फी. दुसरी, डेटा न घालवता बूट दुरुस्ती. आणि हे दर भिंतीवर आधीच लावा. डॉक्टर पाच मिनिटं तपासतो, तेव्हा आपण मिनिटांचे पैसे देत नाही ना? दर आधी सांगितलेला असला की वाद होत नाही. काम झाल्यावर सांगितला की तोच दर लुटल्यासारखा वाटतो.

आणखी एक. बरेच दुकानदार फॉरमॅटनंतर क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतात. विंडोजसकट विकल्या गेलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच साठवलेली असते. तीच एडिशन टाकली तर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजलेली ओरिजिनल वस्तू बाजूला ठेवून तुम्ही त्याला चोरीची दिलीत. ही सेवा झाली का?

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. विंडोजचं पार्टिशनच उडालं असेल किंवा सिस्टिम पुरती बिघडली असेल तर करावाच लागतो. पण तो शेवटचा उपाय. डेटा बाहेर काढून आणि ग्राहकाची लेखी संमती घेऊन.

दुकान टाकणाऱ्यांनो, एवढं करा

मशीन हातात घेताना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं पावतीवर लिहा. बंद पडण्याआधी शेवटचं काय केलं होतं? आत काय महत्त्वाचं आहे? बॅकअप आणि बिटलॉकरची की आहे का? पहिल्या प्रश्नाला "लिनक्स काढलं" असं उत्तर आलं की निम्मं निदान तिथेच झालं. ड्रॉवरमध्ये तीन पेनड्राईव्ह तयार ठेवा: विंडोजचा, लाइव्ह लिनक्सचा आणि ३२ बिट यूईएफआयवर चालणारा. या भांडवलाला कर्ज काढावं लागत नाही.

आणि ज्यांना लिनक्स काढायचंच आहे, त्यांनी क्रम पाळा. आधी बॅकअप. मग बूट ऑर्डरमध्ये विंडोज वर. एकदा बंद-चालू करून खात्री. त्यानंतरच लिनक्सचं पार्टिशन डिलीट. आधी पाटी बदला, मग घर पाडा.

गल्लीत फॉरमॅट मारणारी दुकानं पुष्कळ मिळतील. पण "तिथे गेलं की आतलं काही जात नाही" असं ज्या दुकानाबद्दल बोललं जातं, तिथे लोक दोन स्टॉप लांबून येतात. तुमचं दुकान कोणतं असणार, हे पहिली काळी स्क्रीन समोर येण्याआधीच ठरवा.