एप्रिलमध्ये निकाल लावणाऱ्यांसाठी

दर वर्षी एप्रिल आला की आमच्या हापिसात तोच तमाशा सुरू होतो. बेसबॉलच्या सीझनचे जेमतेम पंधरा सामने झालेले असतात. १६२ पैकी पंधरा! आणि सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी निकाल जाहीर. हा बॅटर संपला. त्या पिचरला विकून टाका. मॅनेजरला हाकला. अरे, पन्नास ओव्हरच्या मॅचमध्ये पाचवी ओव्हर संपायच्या आत कुणी टीव्ही बंद करून 'हरलो' म्हणतं का? (हो, माझे बाबा म्हणतात. पण ते सचिन आउट झाल्यावर, आणि तो काळ वेगळा होता.)

आधीच सांगून टाकतो. मी न्यूयॉर्क मेट्सचा चाहता आहे. जर्सी सिटीत राहायला आलो, रूममेट मेट्सवाला निघाला, आणि पाथने मॅनहॅटन, मग सात नंबरच्या गाडीने थेट सिटी फील्ड अशी वारी सुरू झाली. त्यामुळे मनस्ताप सहन करण्याचा अनुभव दांडगा आहे. पण आज तक्रार टीमबद्दल नाही. तक्रार आहे ती आमच्यासारख्या प्रेक्षकांबद्दल. त्यात मीही आलो.

२०२४ ची गोष्ट घ्या. मेट्स पहिले पाच सामने ओळीने हरले. पाचही घरच्या मैदानावर. त्यातल्या एकाला मी हजर होतो, हुडी घालून कुडकुडत. फ्रान्सिस्को लिंडोर, टीमचा सगळ्यात भरवशाचा माणूस, अक्षरशः चाचपडत होता. बॅटला बॉल लागत नव्हता, लागला तर थेट फील्डरच्या हातात. स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. मीही उडवली. तिकिटाचे पैसे दिलेत ना, मग ओरडायचा हक्क आहे, असं काहीतरी तेव्हा वाटलं होतं.

मेअखेर टीम २२ विजय, ३३ पराभव अशा अवस्थेत होती. आमच्या टेबलावर श्राद्ध घालून झालं होतं. पुढे काय झालं? ८९ विजय, प्लेऑफ, आणि नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत मजल. तिथे डॉजर्सनी हरवलं. लिंडोरने ३३ होमरन मारले आणि 'सर्वोत्तम खेळाडू'च्या मतदानात तो ओहतानीच्या पाठोपाठ दुसरा आला.

आता तुम्ही म्हणाल, एका वर्षाचा योगायोग आहे. मग २०२५ बघा. जूनच्या मध्याला मेट्स ४५-२४, सगळ्या बेसबॉलमध्ये सर्वोत्तम. आमच्यातल्या काही शहाण्यांनी ऑक्टोबरच्या सुट्ट्या टाकायचा विचार सुरू केला. टीम ८३-७९ वर आपटली आणि शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर गेली. त्याच वर्षी हुआन सोटो, ७६५ मिलियन डॉलरचा करार करून आलेला, मे संपेपर्यंत .२३० च्या आसपास खेळत होता. 'पैसे पाण्यात' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. वर्षअखेर त्याचे होमरन होते ४३, आणि वर ३८ स्टील्स.

म्हणजे सलग दोन वर्षं सुरुवातीने आम्हाला फसवलं. एकदा रडवून, एकदा हसवून. तरी आम्ही पुढच्या एप्रिलला कॉफी मशीनपाशी हजर!

हे असं का होतं? यात गूढ काही नाही, बारावीचं गणित आहे. क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी थोडक्यात: बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीन वेळा हिट मारणारा बॅटर उत्तम समजला जातो. त्याची सरासरी .३००. आता एक चांगला बॅटर घ्या, ज्याची खरी कुवत .२७० आहे. पहिल्या दोन आठवड्यांत त्याला साधारण ५० प्रयत्न मिळतात. अपेक्षित हिट तेरा-चौदा. पण नुसत्या नशिबाने तीन-साडेतीन हिट इकडेतिकडे होणं ही रोजची बाब आहे. दहा झाल्या तर .२००, आणि मंडळी म्हणणार 'संपला'. सतरा झाल्या तर .३४०, 'सुपरस्टार'. माणूस तोच, बॅट तीच. फरक दोन आठवड्यांत सात हिटचा, म्हणजे दोन दिवसांत एक. तो एक बॉल फील्डरच्या डावीकडून गेला की उजवीकडून, यावर आपण करिअर ठरवतो. त्यात एप्रिलची थंडी. गार हवेत बॉल लांब जात नाही. जुलैत जो होमरन असतो, तो एप्रिलमध्ये कुंपणापाशी झेल होतो.

टीमचंही तेच. समजा तीसच्या तीस टीम्स अगदी सारख्या ताकदीच्या आहेत, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. वीस सामन्यांनंतर किती टीम्स ७-१३ किंवा त्याहून वाईट असतील? मी पायथनच्या दहा ओळी लिहून बघितलं, मग कागदावरही मांडलं. उत्तर येतं, साधारण चार. चार टीम्स, ज्यांच्यात काडीचाही दोष नाही! आणि या चार शहरांत चार मॅनेजरांच्या डोक्यावर तलवार.

ही तलवार नुसती तोंडची नसते. १९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्सनी पहिले सहा सामने हरल्यावर मॅनेजर कॅल रिपकन सीनियर यांना घरी पाठवलं. त्यांची दोन मुलं त्याच टीममध्ये खेळत होती. नवा मॅनेजर आला, फ्रँक रॉबिन्सन, खेळाडू म्हणून दैवत. टीम त्यानंतरही ओळीने पंधरा हरली. एकूण ०-२१. मॅनेजर बदलून मिळालं काय? डोंबल!

याच्या उलट २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स. पन्नास सामन्यांनंतर १९-३१. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा म्हणून ओरडा चालला होता. काढलं नाही. त्या ऑक्टोबरात त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर मुंबई इंडियन्स आठवा. २०१५ च्या आयपीएलमध्ये पहिले चार सामने हरले आणि कप उचलला. आणि तिथे तर साखळीत सामने अवघे चौदा!

आता समोरच्या पार्टीचा मुद्दाही मांडतो. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ ला ३-२२ ने सुरू झाले आणि ४१-१२१ वर संपले, आधुनिक काळातले सर्वाधिक पराभव. मग तिथे एप्रिलने खरं सांगितलं ना? सांगितलं. पण तीच टीम आदल्या वर्षी १०१ सामने हरली होती. माहिती आधीपासून होती, एप्रिलने फक्त दुजोरा दिला. बातमी आणि दुजोरा यांत फरक आहे. आणि काही गोष्टी लवकर कळतातही. एखाद्या पिचरच्या फास्टबॉलचा वेग अचानक तीन-चार मैलांनी उतरला, तर पहिल्या आठवड्यातच काळजी करा. तो वेग त्याच्या स्वतःच्या हातातून येतो, नशिबाचा भाग कमी.

दुसरा मुद्दा: एप्रिलचा पराभव हाही पराभवच. शंभर टक्के मान्य. २०२५ ला मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स दोघेही ८३-७९, आणि आपसातल्या सामन्यांमुळे जागा रेड्सना गेली. एक, फक्त एक सामना जास्त जिंकला असता, कुठल्याही महिन्यातला, तर आम्ही आत होतो. म्हणून हिशोबाच्या वहीत एप्रिल पूर्ण किमतीने लिहा. पण माणसाचं निदान करताना तोच एप्रिल फारच थोडं सांगतो. आम्ही करतो ते याच्या बरोबर उलटं. सप्टेंबरात म्हणतो 'एप्रिलमध्ये हरलो ते विसरा', आणि एप्रिलमध्ये म्हणतो 'हा माणूस संपला'.

एवढं पोटतिडकीने का लिहितोय? कारण मी स्वतः हेच एकदा केलंय, आणि स्टेडियममध्ये नाही.

जर्सीला यायच्या आधी, पुण्यात असताना, आमच्या टीममध्ये एक फ्रेशर पोरगा आला. नागपूरचा, कमी बोलणारा. तीन आठवड्यांत त्याने कोड चेक-इन केला चार वेळा, त्यात दोनदा बिल्ड तुटला. मॅनेजरने फीडबॅक विचारला. मी लिहिलं: 'स्लो आहे, काळजीपूर्वक काम करत नाही.' जेमतेम दोन मिनिटं लागली असतील लिहायला. पुढच्या आठवड्यात त्याला प्रोजेक्टवरून काढलं, बेंचवर बसवलं.

दोन महिन्यांनी माझाच बिल्ड तुटला. शोधत गेलो तर एक जुना टेस्ट निघाला, जो मनात येईल तेव्हा फेल व्हायचा, कुणाच्याही कोडवर. लॉग उघडून बघितले. त्या पोराचा एक बिल्ड याच टेस्टने तोडला होता. म्हणजे चारात दोन चुका नव्हत्या, एकच होती. पन्नास प्रयत्नांवर निकाल लावणाऱ्यांना मी आज हसतोय, मी तर चारावर लावला होता. तोपर्यंत तो पोरगा कंपनी सोडून गेला होता. त्याचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला नाही.

लिंडोरचं काही बिघडलं नाही. त्याच्याकडे मोठा करार होता, आणि एप्रिल २०२४ मध्येच सिटी फील्डवरच्या लोकांनी ठरवून उभं राहून त्याला टाळ्याही दिल्या. ती कल्पना फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांची. त्यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये ट्रे टर्नरसाठी तेच केलं होतं. टाळ्यांमुळे फॉर्म परत येतो असा माझा दावा नाही, नशीब फिरायचं तेव्हा फिरतंच. पण थांबायला वेळ तरी मिळतो. हे सगळं मोठ्या कराराच्या माणसाला परवडतं. मायनर लीगमधून पहिल्यांदा वर आलेल्या पोराला बारा प्रयत्नांत परत पाठवतात. फ्रेशरला त्याहून कमी.

असो. वीकांताचं प्रवचन लांबलं. येत्या एप्रिलमध्ये सात नंबरच्या गाडीने मी जाणारच आहे, आणि कुणीतरी ०-१४ वर चाचपडत असणारच आहे. तेव्हा शेजारचा ओरडू लागला तर मी निदान गप्प बसेन. आणि तो फोन... आज रात्री करतो. भारतात रविवारची सकाळ असेल.