झाडावरचा मांजा कुणाचा?

संक्रांत झाली की नागपुरात दोन बातम्या ठरलेल्या. नायलॉन मांजाच्या किती चक्र्या पोलिसांनी पकडल्या, ही पहिली. दुसरी, किती पक्षी जखमी झाले आणि बरे होऊन किती उडाले, याची. दुसरीसोबत हातमोजे घालून घार धरलेल्या कार्यकर्त्याचा फोटो असतो. तो पाहून शहराला हायसे वाटते, आणि आमची तक्रार त्या हायसे वाटण्याबद्दलच आहे.

सेमिनरी हिल्सवरचे वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर हे नागपूरने मिरवावे असेच काम आहे. गुजरातेत 2017 पासून सरकार संक्रांतीच्या आगेमागे दहाएक दिवस ‘करुणा अभियान’ चालवते. आपल्याकडचे केंद्र बाराही महिने उघडे असते. मेच्या उन्हात पाण्यावाचून कोसळलेला पिंगळाही तिथेच येतो आणि विजेच्या तारेला चिकटलेले माकडही. पण डॉक्टर कितीही हुशार असला तरी मांजापुढे त्याचे हात कुठे थांबतात, हे त्या आनंदाच्या बातमीत येत नाही.

धागा पंखात अडकला की पक्षी सुटण्यासाठी फडफडतो आणि प्रत्येक फडफडीबरोबर तो आत रुतत जातो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो. त्याच्या कडेने जाणारा स्नायूबंध तुटला, तर टाके घालून जखम भरते, पण पंख पुन्हा पुरता उलगडेलच असे नाही. हाड कातडीबाहेर आले असेल तर ते लवकर कोरडे पडते आणि जुळत नाही. नुसती मोठी पिसे तुटली असतील तर नवी येईपर्यंत कित्येक महिने पाहुणचार. त्यानंतरही मोठ्या जाळीत उडवून, अंगातली ताकद परत आली की नाही हे बघितल्याशिवाय सोडता येत नाही. त्यातून घारीच्या विणीचा काळ नेमका पौष-माघातला. म्हणजे एक घार पडली की कुठल्यातरी उंच झाडावर अंडीही थंड पडण्याची शक्यता. ती कुठल्याच आकड्यात धरली जात नाहीत.

बंदीचे काय? ती आहेच. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आहे. पोलिस दरवर्षी छापे घालतात. पण हे सगळे विक्रेत्याच्या आणि पतंगवाल्याच्या मागे आहे. एकदा ‘ओ काट’ झाले की तुटलेला धागा कुणाचाच राहत नाही. सुती सद्दी पावसापाण्यात कुजून जाते. नायलॉन कुजत नाही; जानेवारीत कटलेला मांजा जुलैतही वडा-पिंपळावर तसाच लोंबतो. अंबाझरी-फुटाळ्याच्या काठच्या झाडांवर संध्याकाळी उतरणाऱ्या बगळ्यांना अंधारात तो दिसणार कसा? वटवाघळांची तीच गत. संक्रांत एका दिवसाची, सापळा वर्षाचा.

हा सापळा उतरवणे कुणाचे काम? पतंगीचा मोसम सरल्यावर काही उत्साही मंडळी हाताला येईल तेवढा मांजा गोळा करतात. हाताला न येणारा तिथेच राहतो, आणि पक्षी नेमके तिथेच बसतात. अग्निशमन दलाकडे शिड्या आहेत, पथदिव्यांसाठी वर जाणारी पाळण्याची गाडी आहे, पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसेही मिळतात. मग 16 जानेवारीपासून पंधरा दिवस हीच माणसे, हीच गाडी, आधी रातथाऱ्याच्या झाडांकडे का जाऊ नये? अट एकच: घरटे असलेल्या झाडाला जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये. नाहीतर मांजा काढता काढता घारच उठवून लावायची. कोणता पक्षी कोणत्या वस्तीतून आला, ही नोंद उपचार केंद्राने मनपाला द्यावी, म्हणजे गाडी कुठे पाठवायची हे शोधत बसावे लागणार नाही. किती पक्षी पुन्हा कधीच उडणार नाहीत, तो आकडाही त्याच पत्रात असावा.

जाता जाता नागरिकांनाही एक सांगणे. जखमी पक्षी घरी ठेवून हळद-दूध पाजू नका. चोचीत ओतलेले श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनखात्याला कळवा. वन्यजीव कायद्याच्या कलम 39 नुसार ते 48 तासांत कळवावेच लागते.

पुढच्या जानेवारीत, किती किलो मांजा झाडांवरून खाली आला, ही तिसरी बातमी छापायला मिळाली तर आम्ही ती आनंदाने पहिल्या पानावर घेऊ. सोबत शिडीवर चढलेल्या एखाद्या साहेबांचा फोटो असला तरी आमची हरकत नाही.