कवळी कां मोडते?

मीरा-भाईंदरांत आतां बहुतेक घरीं न्हाणीघरांस गुळगुळीत लाद्या आहेत; हातांतून निसटलेली कवळी त्यांवर आपटून दुभंगते, हें सर्वांस ठाऊक आहे. यावर उपाय सोपा: धुतांना खालीं अर्धें पाणी भरलेलें पातेलें असावें. परंतु वरची कवळी पुष्कळदां जेवतांना तोंडांतच मधोमध मोडते, आणि दोष येतो बिचाऱ्या सुपारीवर! हा न्याय आम्हांस पटत नाहीं. दांत गेल्यावर हिरडीखालचें हाड वर्षानुवर्षें झिजतें. टाळूचा मध्यभाग मात्र टणकच राहतो. मग कवळी त्यावर तोलली जाऊन प्रत्येक घासागणिक किंचित् वांकते. 1937 च्या सुमारास कठीण रबराच्या जागीं येऊं लागलेलें अॅक्रिलिकही असें हजारों वेळां वांकून चिरतें. म्हणून कवळी हलूं लागतांच दंतवैद्याकडून आंतून भरून घ्यावी. उकळतें पाणी तिला वर्ज्य, कारण त्यानें ती वांकडी होते. रात्रीं गार पाण्यांत ठेवावी. मोडलीच तर घरीं चिकटवूं नये. तुकडे केसभर सरकले तरी ती पुन्हां नीट बसत नाहीं. आजोबा एकाएकीं भाकरी नको म्हणूं लागले, तर कवळी कोठें टोचते वा हलते काय, हें सूनबाईंनीं आधीं विचारावें.