किल्ल्या वाजल्या की

जूनमध्ये शाळा उघडतात आणि दुपारची घरं एकदम रिकामी होतात. सुट्टीभर मुलांच्या पायात घोटाळणाऱ्या कुत्र्याला हे कोणी सांगत नाही. मग शेजारच्या काकू जिन्यात गाठतात, "अहो, दिवसभर रडतो तुमचा!" २०२० च्या टाळेबंदीत घरी आलेल्या पिल्लांचंही असंच झालं, ऑफिसं उघडेपर्यंत अनेकांनी रिकामं घर पाहिलंच नव्हतं.

दार ओरबाडणं, चपला फाडणं हा सूड नव्हे. ती घाबरगुंडी असते आणि बहुधा आपण गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच उसळते. जुना मोबाइल चित्रीकरणाला लावून ठेवा, दिसेल. संध्याकाळी रागावणं तर निव्वळ फुकट. सकाळच्या चपलेशी त्या रागाचा संबंध त्याला लागत नाही. त्यापेक्षा किल्ल्या उचला आणि पुन्हा सोफ्यावर बसा. दोन मिनिटं बाहेर जाऊन या. तो शांत राहिला तरच वेळ वाढवा. निघण्याआधी मनसोक्त हुंगू देणारा फेरफटका हवाच. स्वतःला इजा करून घेत असेल तर मात्र थेट पशुवैद्याकडे न्या.

ही सवय लावायला काही आठवडे लागतात, म्हणून विषय मेच्या अंकात घेतला.